नवशिक्यांसाठी स्टड पोकर: लोधिवली वर्ग

पत्ते खेळणं आणि पत्त्यांचा अभ्यास करणं यांत मूलभूत फरक आहे. खेळणाऱ्याला पोलीस गाडीत बसवतात. अभ्यास करणाऱ्याला लोक खुर्चीत बसवतात आणि चहा देतात. मी दुसऱ्या प्रकारचा माणूस आहे. गाडीत बसायचा योग अजून आलेला नाही, चहा मात्र पित्त होईपर्यंत झाला.

माझं नाव हेमचंद्र. राहणार कर्जत, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर (बिल्डर लिहितात तसं नव्हे, खरंच चालत). विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसानं पुढं काय करावं, याबद्दल आपल्या समाजात दोनच मार्ग मान्य आहेत: योगासनं किंवा मार्गदर्शन. माझ्या गुडघ्यांनी पहिल्याला हरकत घेतली. म्हणून मी मोबाइलवर स्टड पोकर या खेळाचा अभ्यास केला आणि तो अर्धा होताच मार्गदर्शन सुरू केलं. अभ्यास पुरा होऊ देऊ नये. पुरा अभ्यास झालेल्या माणसाला शंका यायला लागतात आणि मग तो कुणाला शिकवायच्या कामाचा राहत नाही.

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात या विद्येची फार निकड होती. पूर्वी इथल्या जमिनीत भात पिकायचा, आता शनिवार-रविवार पिकतात. प्रत्येक फार्महाउसवर एक पोहायचा तलाव, एक कुत्रा, कुत्र्याची देखभाल करणारा पूर्वीचा जमीनमालक आणि पत्ते खेळायला एक गोल टेबल, एवढं असतंच. आमच्या पाहणीनुसार (पाहणी मीच केली, घरी बसून) या भागातल्या दर दहा पुरुषांपैकी सात जणांना आपल्याला पोकर येतो असं वाटतं आणि उरलेले तिघे त्या सातांना शिकवतात. स्त्रियांची आकडेवारी उपलब्ध नाही, कारण त्यांना कुणी विचारलं नाही.

माझा लोधिवली वर्ग सुरू झाला तो योगेंद्रमुळे. लोधिवलीच्या पलीकडं त्याचं गाव. नाव सांगत नाही, तिथल्या काही जमिनी अजून विकायच्या राहिल्यात. योगेंद्रकडं एक जेसीबी आणि दोन टेंपो आहेत. त्याचा धाकटा भाऊ धनेश खोपोलीच्या कारखान्यांना कामगार पुरवतो, म्हणजे दिवसभर फोनवर "पाठवतो, पाठवतो" म्हणतो. दोघांचे वडील वारले तेव्हा मागं रस्त्याला लागून असलेली चांगली भातशेती राहिली आणि या भातशेतीला एक पार्टी लागली.

आमच्याकडं जमिनीच्या गिऱ्हाइकाला 'पार्टी' म्हणतात. ही पार्टी मुंबईची होती, टकली होती आणि तिला जाड मिश्या होत्या. तिनं योगेंद्रला भाव ठरवायला एका रविवारी आपल्या फार्महाउसवर बोलावलं. तिथं स्टड पोकर चालला होता. पार्टीनं पत्त्यांवरून नजरही न उचलता विचारलं, "बोला योगेंद्रभाई, किती?" आणि योगेंद्रनं मनातला खरा आकडा सांगून टाकला. खरा! पहिल्या दमात! आमच्या पट्ट्याच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. धनेश मला म्हणाला, "सर, बाबा गेले तवा बी घर एवढं बसलं नव्हतं."

दोघा भावांनी या दुर्घटनेची चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला, की पार्टीला पोकर येतो म्हणून तिला भाव पाडता येतो. सबब आपल्याला पोकर आला की आपल्याला भाव चढवता येईल. या तर्कात मला काहीही खोट दिसली नाही. (पार्टीकडं कुत्राही होता. पण कुत्रा पाळल्यानं भाव चढतो का, हा प्रश्न कुणी काढला नाही, आणि माझा तो विषयही नव्हे.)

ठरलं. दर रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की योगेंद्रच्या नव्या बंगल्याच्या पडवीत वर्ग. फळा माझा, खडू माझा, चहा योगेंद्रच्या बायकोचा. तिचं नाव हर्षला. पैसे लावणं हा जुगार ठरतो, म्हणून पैशांऐवजी चिंचोके लावायचं मी सुचवलं. चिंचोके लावणं हे वनोपजाचं हाताळणं ठरतं आणि त्याला कायद्याची आडकाठी नाही (वकिलाला विचारलेलं नाही).

विद्यार्थी म्हणून दोघे भाऊ होतेच. तिसरे त्यांचे चुलते, हिरूनाना. यांनी उभा जन्म गौरी-गणपतीच्या दिवसांत तीन पत्ती खेळण्यात घालवलेला. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "पाच पत्ते? दोन फुकट वाढवल्यात. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून." पण दुपारची झोप लागत नसल्यामुळं ते बसले. तरी टेबलाला एक माणूस कमी पडत होता. तेवढ्यात फाटकातून मैना आली.

मैना ही या दोघांची थोरली बहीण. साजगावला दिलेली, नवरा चार वर्षांमागं गेलेला, तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. ती पत्ते खेळायला आली नव्हती. तिला सहीसाठी बोलावलं होतं.

इथं वाचकांना हक्कसोडीविषयी थोडी माहिती देणं आवश्यक आहे. हक्कसोड हा बहीण-भावाच्या प्रेमाचा एक मंगल सोहळा असून तो नोंदणी कार्यालयात साजरा होतो. बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा राजीखुशीनं सोडायचा आणि भावानं तिला राजीखुशीनं साडी द्यायची, असा त्याचा विधी. हिस्सा किती आणि साडी कितीची, याचा हिशेब करत नाहीत. केला तर प्रेम आटतं असं मानतात. माझं स्वतःचंच उदाहरण देतो. माझी बहीण अनसूया ठाण्याला असते. आमचं कर्जतचं बैठं घर बिल्डरला द्यायचं ठरलंय, तिची सही दिवाळीनंतर व्हायची आहे. साडी मी आणूनसुद्धा ठेवली, कपाटात वरच्या कप्प्यात आहे. अनसूयेनं आजवर माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. वळण लागतं ते असं घरातूनच लागतं.

तर योगेंद्र मैनाला म्हणाला, "ताई, सहीचं बघू गं, कागद तयार व्हायचाय अजून. तवर बस इथं. एक माणूस कमी हाय."

"मला कुठं येतंय रं?"

"येत कुणालाच नाय. सर शिकवतात. तू नुसती बस."

ती पदर खोचून बसली. अशा रीतीनं वर्गाची पटसंख्या चार झाली.

स्टड पोकर समजायला सोपा आहे. प्रत्येकाला आधी एक पत्ता झाकून मिळतो. तो आपण एकट्यानं बघायचा. मग एकेक करून चार पत्ते उघडे पडतात, ते सगळ्या जगानं बघायचे. प्रत्येक उघड्या पत्त्यानंतर चिंचोके लावायचे, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. शेवटी ज्याचे पाच पत्ते भारी, त्याचे चिंचोके. थोडक्यात, गावात राहण्यासारखंच आहे. चार गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, एक आपल्यापाशी असते आणि त्या एकीच्या जिवावर माणूस छाती काढून फिरतो.

मी फळ्यावर पहिला नियम लिहिला: समोर उघडं जे दिसतंय त्याला मारण्याइतकं आपल्यापाशी नसेल, तर पत्ते टाका. नवशिक्यानं बहुतेक डाव टाकावेत. टाकण्यात शहाणपण आहे.

नियमाला कडाडून विरोध झाला. "टाकायचं म्हंजे?" धनेश तापला. "आमी काय भ्यालो कुणाला?" त्याच्यापुढं दुर्री होती, योगेंद्रपुढं दोन एक्के उघडे पडले होते आणि तरी तो मूठमूठ चिंचोके लावत होता. योगेंद्रचं म्हणणं असं, की ज्याच्या दारात जेसीबी उभा आहे त्यानं पत्ते टाकले तर लोक काय म्हणतील? हिरूनानांनी तर झाकलेला पत्ताच बघितला नाही. तीन पत्तीत आंधळा खेळणारा मर्द समजला जातो, ते इथंही आंधळेच राहिले.

मैना मात्र टाकत होती. पत्ता बघायची, समोर बघायची आणि "माझं नाय" म्हणून सरकवायची. पहिला डाव टाकला, दुसरा टाकला, सगळी दुपार टाकत राहिली. मी तिला उभं करून सगळ्यांना दाखवणार होतो, पण ती चहाचे कप उचलत होती. "बघा," मी म्हणालो, "ताईंकडून शिका. याला म्हणतात संयम."

योगेंद्र हसला. "सर, ती ल्हानपणापासून तशीच हाय. काय मागायचीच नाय. मी सायकल मागायचो, ह्यो क्रिकेटची बॅट मागायचा. ही म्हणायची, ऱ्हाऊ दे."

"मागितलं असतं तर दिलं असतंत?" मैना कप घेऊन आत जाता जाता म्हणाली. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्यामुळं मी पुढचा डाव वाटला.

दुसरा नियम होता चेहरा कोरा ठेवण्याचा. हातात काय आलंय ते कपाळावर उमटू द्यायचं नाही. पोकरमध्ये याला फार मोल आहे, पण खेड्यात याची सोय नाही. योगेंद्रनं सोमवारपासून घरी सराव सुरू केला. कोऱ्या चेहऱ्यानं चहा, कोऱ्या चेहऱ्यानं आंघोळ. मंगळवारी शेजारीण विचारून गेली, "कोन गेलं का गं तुमच्यात?" बुधवारी दोन घरांतून पिठलं-भाकरी आली. गुरुवारी हर्षलानं त्याला खोपोलीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, जीभ बघितली, "काय होतंय?" असं विचारलं. योगेंद्र सरावात असल्यामुळं काही बोलला नाही. शुक्रवारी हर्षलानं सासरच्या देवाला नारळ बोलला आणि रविवारी मला फाटकातच गाठून म्हणाली, "सर, तुमचा खेळ राहू द्या, माझा नवरा मला हसता-बोलता परत द्या." दुसरा नियम मी ऐच्छिक केला.

तिसरा नियम स्मरणशक्तीचा. ज्यांनी डाव टाकला त्यांचे उघडे पत्तेही ध्यानात ठेवायचे. कारण टाकलेली राणी पुन्हा येत नाही आणि आपण तिची वाट बघत बसलो तर आपलं हसं होतं. या बाबतीत भावांची स्मरणशक्ती विलक्षण निघाली. कुणाच्या लग्नात कुणाला आहेर कमी आला, कुणाच्या बांधाचा दगड कधी सरकला, हे त्यांना तोंडपाठ. पत्ते तेवढे आठवत नव्हते. एकदाच मैना हळूच म्हणाली, "बदामाची राणी मघाशी धनेशनं टाकली. भाऊ, तू कुणाची वाट बघतोस?" डाव चालू असताना बोलायचं नसतं, हे मी तिला समजावून सांगितलं.

याखेरीज एक अडचण आली, ती परदेशी पुस्तकांत कुठंही सापडायची नाही. धनेशच्या हाती एकदा तीन राजे लागले, दोन उघडे आणि एक झाकलेला. समोर हिरूनाना, त्यांच्यापुढं सत्ती, पंजी आणि एक म्हातारी नव्वी. नानांनी आंधळेपणानं चिंचोके लावले. धनेशनं राजे टाकून दिले.

"अरे, का?" मी जवळजवळ ओरडलोच.

"नानांच्या तोंडावर कसं लावू, सर? त्यांनी मला पोहायला शिकवलं."

यावर नियम करता येईना. मी फळ्यावर "वडीलधाऱ्यांचा मान" असं लिहिलं आणि पुसून टाकलं.

एका रविवारी डाव वाटता वाटता मैनानं विषय काढला. तिनं तो खाली मान घालून, पत्ते नीट जुळवत काढला. साजगावची खोली दिराच्या नावावर होती. दिराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि दिरानं तिला दिवाळीपर्यंत खोली मोकळी करायला सांगितलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "रस्त्याकडचे दोन गुंठे तेवढे मला ठेव. एक खोली बांधीन. बाकी कुठं पायजेल तिथं सही करते."

योगेंद्रनं धनेशकडं बघितलं. धनेशनं छताकडं बघितलं. रस्त्याकडचे दोन गुंठे म्हणजे जमिनीचं तोंड. तोंड काढून दिलं तर पार्टी उरलेल्याचं काय करणार?

"ताई, खोली कशाला गं?" योगेंद्र अगदी मायेनं म्हणाला. "माहेर हाय ना तुला. कवा बी ये."

"येते रं. पण राहू कुठं? सासरी म्हणतात, माहेर हाय की तुला. माहेरी म्हणतात, कवा बी ये. रोज रात्री हाच इचार येतो आणि जीव घाबरा होतो माझा."

हिरूनाना खोकले. मग योगेंद्र म्हणाला, "बघू," आणि मैनानं हातातले पत्ते टाकले. मी तिच्या नावापुढं 'प्रगती समाधानकारक' असा शेरा दिला.

त्याच दिवशी मी चौथा आणि शेवटचा नियम शिकवला. तो मी फळ्यावर ठळक काढला, खाली दोन रेघा मारल्या: जो खेळाडू कायम पत्ते टाकतो, तो ज्या दिवशी लावतो, त्या दिवशी बाकीच्यांनी उठावं आणि घरी जावं. म्हणजे त्याच्यापाशी आहे. चिंचोक्याएवढीही शंका घेऊ नये.

योगेंद्रला नियम इतका आवडला, की त्यानं फळ्याचा फोटो काढून मोबाइलवर स्टेटसला ठेवला. शिकलेलं स्टेटसला ठेवलं की शिक्षण पूर्ण झालं, अशी आता सर्वत्र पद्धत आहे. मैनानं फोटो काढला नाही. तिनं फळा दोनदा वाचला, मला विचारलं, "सर, हे खरं असतं?" आणि मी म्हणालो, "शंभर टक्के." मग ती रिक्षा मिळायची नाही म्हणून घाईनं निघाली.

अखेर परीक्षेचा रविवार उजाडला. खरं म्हणजे नोंदणी कार्यालय सोमवारी उघडणार होतं, पण योगेंद्रचा बेत असा होता: रविवारी बहिणीची सही कागदावर घेऊन ठेवायची, तिथंच पार्टीला बोलवायचं, पडवीत पोकरचं टेबल मांडायचं, भाव चढवायचा आणि सोमवारी सगळ्यांना एकाच गाडीतून नोंदणीला न्यायचं. योगेंद्रची पोरं बापाकडं विश्वासानं बघत होती. हर्षलानं वडे तळले होते. खोपोलीहून आणलेली साडी ताटात, साडीवर हळदीकुंकू, शेजारी हक्कसोडीचा कागद. मला पाहुणे मार्गदर्शक म्हणून कोपऱ्यातली खुर्ची मिळाली.

पार्टी आली. तिला आमचे चिंचोके बघून फार कौतुक वाटलं. वडे थंड व्हायच्या आत एक डाव होऊन जाऊ दे, असं ती म्हणाली आणि स्वतःच पत्ते पिसायला घेतले. मैनाला दोन पत्ते आले, तिनं टाकले. दुसऱ्या डावातही टाकले. पार्टीनं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं.

"मॅडम नेहमी अशाच खेळतात?"

"ती?" योगेंद्र मोठ्यानं हसला. "ती खेळतच नाय, शेठ. नुसती टाकते."

"कधी लावतच नाहीत?"

"जन्मात नाय."

पार्टीनं मान हलवली आणि वडा उचलला. योगेंद्रनं हात पुसले, ताट मैनापुढं सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "घे ताई. इथं एक आणि मागं एक."

मैनानं पेन घेतलं. कागद वाचला. तिला वाचायला वेळ लागला, कारण ती सगळा वाचत होती. नोंदणीच्या कागदांच्या बाबतीत हा प्रकार अगदीच नवा असल्यामुळं पडवीत जरा चुळबुळ झाली. मग तिनं टोपण मागून घेतलं, पेनाला लावलं आणि पेन ताटात साडीवर ठेवलं.

"सही नाय करत," ती म्हणाली. "मला माझा हिस्सा पायजे. तीनातला एक. रस्त्याकडून."

तिचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणजे त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. इतका कोरा चेहरा मी मोबाइलवरही पाहिला नव्हता.

"दोन गुंठे म्हणत होतीस ना गं?" धनेश म्हणाला.

"म्हणत होते. तवा तुमी बघू म्हणालात. आता मी बघितलं."

हिरूनाना खुर्चीत सरळ झाले. "उठा रं पोरांनो," ते म्हणाले, "ही कधी लावत नाय."

पार्टीनं अर्धा वडा बशीत ठेवला, रुमालानं मिश्या पुसल्या आणि गाडीची किल्ली उचलली. "योगेंद्रभाई, मी निघतो. घरातलं ठरलं की कळवा."

"शेठ, बसा हो! काय नाय, थापा मारते ती. मी वळखतो ना तिला!" योगेंद्र बहिणीकडं वळला आणि त्यानं, स्टेटसवरचा चौथा नियम विसरून, आवाज चढवून लावलं. "ताई, सही नाय केलीस तर सौदा मोडला. कुणालाच काय नाय मिळणार. मी जमीन पडीक ठेवीन, पण इकणार नाय. बघ!"

"ठेव."

"ठेवीन म्हणतो ना!"

"ठेव की रं. मी कुठं नको म्हणते?" मैना शांतपणे बोटं मोडत बसली. "तुझे चार पत्ते उघडेच पडल्यात, भाऊ. नवी गाडी बुक केलीस, तिचा फोटो सगळ्या गावाला दाखवलास. शेठला शब्द दिलास. शेतात खांब रोवू दिलेस. गेल्या महिन्यात गावजेवण घातलंस जमीन इकल्याचं, इकायच्या आधी. आता तुझ्याजवळ झाकलेलं काय उरलं, ते तूच सांग."

योगेंद्रनं चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला. हर्षला आतून धावत पाणी घेऊन आली.

धनेशनं मात्र मुद्द्याचं विचारलं. तो वर्गातला त्यातल्या त्यात बरा विद्यार्थी. "ताई, तू वकील लावलास का? कुणी शिकवलं तुला? तुझा झाकलेला पत्ता काय हाय, ते तरी सांग."

"झाकलेला कसला रं?" मैनाचा आवाज आता पहिल्यांदा हलला. "बाबा गेल्यावर तलाठ्यानं सातबाऱ्यावर तिघांची नावं लावली. याचं, तुझं, माझं. कुणी बी बघावं, उघडंच हाय सगळं. तुमी दोन नावं वाचलीत आणि उठलात. मला राग आला रं. साडीचा नाय आला. माझं नाव तुमाला दिसलंच नाय, त्याचा आला."

पार्टी फाटकापाशी थांबून हे ऐकत होती. जाताना तिनं मैनाला नमस्कार केला. योगेंद्रला केला नाही.

यथावकाश मोजणी झाली. मैनाचा हिस्सा रस्त्याकडून पडला आणि दिवाळीच्या आत तिची खोली उभी राहिली, वर पत्रे, पुढं ओटा. आता पार्टी तिच्या ओट्यावर येऊन बसते, मिठाई आणते, भाव सांगते. मैना म्हणते, "बघू." या एका शब्दावर भाव दर खेपेला थोडा वर जातो. योगेंद्र आणि धनेश रस्त्यानं जाताना ओट्याकडं बघतात. कोरा चेहरा त्यांना आता अजिबात सराव न करता जमतो. हर्षला मैनाकडं वडे पाठवते आणि तिच्याशी दार लावून काय बोलते, ते योगेंद्रला कळत नाही. हर्षलालाही दोन भाऊ आहेत.

वर्गाचा निकाल पंचवीस टक्के लागला. चारपैकी एक उत्तीर्ण (हिरूनानांना उत्तीर्णांत धरलेलं नाही, त्यांना आधीपासून येतच होतं). पत्त्यांच्या खासगी वर्गांत हा निकाल उत्तम समजला जातो आणि मी त्याची जाहिरात 'खात्रीशीर यश, प्रत्यक्ष जीवनात उपयुक्त' अशा शब्दांत मोबाइलवर सगळीकडं पाठवली.

परवा अनसूयेचा फोन आला. "दादा, तुझ्या वर्गाची जाहिरात बघितली. मला प्रवेश देशील?"

"तुला?" मला हसू आलं. "तुला काय करायचंय? आणि तसं तुला उपजतच येतं. नवशिक्यानं पत्ते टाकायचे असतात, तू तर…"

"पत्ते टाकायला येतं मला," अनसूया म्हणाली. "त्याच्या पुढचं शिकव."

मी चेहरा कोरा ठेवला. फोनवर त्याचा उपयोग नसतो, हे नंतर लक्षात आलं. ती येत्या रविवारी येते आहे. गुडघे दुखतात असं सांगून बघितलं, तर म्हणाली, पत्ते काय गुडघ्यांनी वाटतोस?

असो. तुम्ही मघापासून योगेंद्रला हसताय आणि आता मला हसताय, ते मला इथून दिसतंय. हसा. तुमच्या कपाटात वरच्या कप्प्यात घडी न मोडलेली जी साडी आहे, ती कुणासाठी आणली, ते मी विचारणार नाही. तुमच्या बहिणीनं तुमच्याकडं आजवर कधी काही मागितलं नाही, हे तुम्ही चारचौघांत कौतुकानं सांगता, ते मीही ऐकलंय. तिची सही होऊन गेली असेल तर निर्धास्त झोपा. व्हायची असेल तर चौथा नियम पुन्हा एकदा वाचा आणि रविवारी वर्गाला या. शुल्क माफक आहे, चिंचोके आमचे. फक्त माणूस कमी पडतोय म्हणून तिला सोबत आणू नका.